धाकट्या भावाचं काम काय?

मंगळवार, ४ सप्टेंबर

आले एकदाची! राहायला खोली आहे, करायला नोकरी आहे आणि लिहायला ही कोरी करकरीत वही. आणखी काय हवं माणसाला?

वही सुतळीने दिली. सुतळी म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी इतका बारीक होता की शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं नाव घरानेही उचललं. आता तिशीला आला, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान आहे, तरी आई त्याला त्याच नावाने हाक मारते आणि तोही ओ देतो. गाडी हलल्यावर त्याने गाडीबरोबर धावत खिडकीतून वही आत फेकली आणि ओरडून सांगितलं की रोज लिही, उद्या मोठी झालीस की लोक विचारतील सुरुवात कशी झाली, तेव्हा थापा मारत बसू नकोस. आई शेजारी उभी राहून डोळे पुसत होती आणि आपण रडत नसल्याचं सगळ्या फलाटाला सांगत होती.

ट्रंकेला दोरी त्यानेच बांधून दिली. गाठ अशी मारली होती की मी अर्धा तास तिच्याशी झुंजले आणि शेवटी खालच्या लाँड्रीवालीकडून कात्री मागून आणली. खोली लाँड्रीच्या बरोबर वर आहे, त्यामुळे जमीन कायम कोमट असते. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. सुतळीला फोनवर सांगितलं तर म्हणाला, बरं झालं, बाहेर बघत बसायची सवय मोडेल तुझी. कापलेली दोरी टाकवेना. गाठीसकट कॉटखाली ठेवली आहे.

बुधवार, ५ सप्टेंबर

चित्रपट बनवणारी कंपनी म्हटल्यावर मला वाटलं होतं, नट-नट्या निदान जिन्यात तरी भेटतील. भेटली ती धूळ. आमचा वाचन विभाग तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे अगदी वरच्या. चार टेबलं, आणि भिंतीला टेकून छातीएवढे पटकथांचे ढीग. जगात इतके लोक लिहितात हे पाहून मला आधी आनंद झाला आणि मग वाटलं, एवढं सगळं वाचतं तरी कोण?

कामाची रीत मुख्य बाईंनी समजावली. त्या सावकाश बोलतात, उत्तरं पाठ असल्यासारख्या. प्रत्येक पटकथेची पहिली दहा पानं वाचायची, एका पानाचा अहवाल लिहायचा आणि खाली तीनपैकी एक शेरा मारायचा: नाही, तूर्त नाही, वर पाठवा. मात्र एका वाचकाने महिन्याला एकच पटकथा वर पाठवायची. कोपऱ्यात भिंतीला एक कपाटाएवढी खिडकी आहे, तिच्यात दोरीवर टोपली टांगलेली. पटकथा टोपलीत ठेवून दोरीला झटका दिला की टोपली वर जाते. पटकथा परत खाली येत नाही, फक्त दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येतात, निळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या. वर कोण वाचतं ते मी विचारलं. बाई म्हणाल्या, वरचे वाचक.

शेजारच्या टेबलावर एक काका आहेत. बावीस वर्षं इथेच. मऊ, हसरे. दुपारी त्यांनी पिशवीतून दोन डबे काढले, एक उघडून जेवले, दुसरा तसाच ठेवला आणि संध्याकाळी जाताना बाहेरच्या कुत्र्यांना घातला. मी विचारलं, दुसरा कोणाचा? ते जरा गोंधळले. म्हणाले, कोणाचा नाही गं, मी एकटाच असतो, पण सकाळी हात आपोआप दोन भरतो.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

आता खरं कारण लिहूनच टाकते. ही नोकरी मी पटकथा वाचायला धरलेली नाही, माझी वाचून घ्यायला धरली आहे.

सात वर्षं झाली. तेवीस ठिकाणी पाठवली. कोणी उत्तर दिलं नाही, कोणी पाकीट तसंच परत केलं. गोष्ट साधी आहे, आमच्याच घराची: शिवणयंत्रावर बसलेली आई, भाऊ, आणि घर सोडून निघालेली मुलगी. खोटं रचायला मला जमत नाही, जे आहे तेच उतरवते. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, म्हणून एकशे चोवीस पानं सुतळीने दुकानातल्या संगणकावर दोन बोटांनी टाइप केली. छापलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे. मी चिडले होते तेव्हा. तो म्हणाला, कारागिराची सही आहे ती.

आणि डिंकाची युक्तीही त्याचीच. पान चाळीस आणि एक्केचाळीस यांच्यामध्ये डिंकाचा एकच थेंब लावायचा. परत आल्यावर पानं चिकटलेलीच असली, तर समजायचं की कोणी तिथवर पोचलंच नाही. तेवीसपैकी जेवढ्या प्रती परत आल्या, तेवढ्यांत पानं चिकटलेली होती. तो प्रत्येक वेळी हसून म्हणायचा, डिंक चांगला आहे हे तरी कळलं! मी मात्र मोरीत जाऊन रडायचे.

मंगळवार, ११ सप्टेंबर

केलं एकदाचं. महिन्याची एक पटकथा वर पाठवायचा माझा हक्क मी माझ्यावरच खर्च केला. वर लेखिकेच्या जागी खोटं नाव घातलं आणि स्वतःच्याच दहा पानांवर असा अहवाल लिहिला की वाचताना माझेच कान लाल झाले. आपलीच टिमकी आपणच वाजवायची, तर जोरात वाजवावी.

टोपलीत ठेवून दोरीला झटका दिला. टोपली मुकाट वर गेली. काका बघत होते. त्यांनी विचारलं, घरचं काही लिहिलं नाहीस ना त्यात? मी म्हटलं, का? ते बराच वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, कोण जाणे, सहज तोंडात आलं.

गुरुवार, १३ सप्टेंबर

चिठ्ठी! निळ्या पेन्सिलीत, बारीक नीटस अक्षरात: "पान ४० व ४१ चिकटलेली होती. सोडवून वाचली."

मी जिन्यात जाऊन अक्षरशः नाचले. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिथवर पोचलं होतं! सुतळीला फोन केला तर तो दुकानातल्या गिऱ्हाइकालाच ओरडून सांगायला लागला. डबा द्यायला दुकानात आलेल्या आईने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं की एवढं झालं तर आता जेवतेस का वेळेवर.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

दुसरी चिठ्ठी. "पात्रं जास्त. धाकट्या भावाचं काम काय? त्याच्याशिवाय गोष्ट अडत नाही. काढा." खाली एक रेघ, तिच्याखाली: दुरुस्ती मान्य असल्यास सही करावी.

भाऊ काढायचा म्हणजे पटकथेतलं अर्धं हसू काढायचं. दुपारभर चिठ्ठी टेबलावर ठेवून बसले. बाई म्हणाल्या की नव्या लेखकांचं हेच चुकतं, एकेका पात्राला कवटाळून बसतात आणि मग आयुष्यभर न वाचलेले राहतात. ते मात्र खरं होतं.

शेवटी त्यालाच फोन केला. तो खो खो हसला. म्हणाला, अगं काढ की मला, मी काय उपाशी मरणार आहे का, तुझं वाचलं जातंय ते बघ आधी. फक्त पडद्यावर आईला माझ्या वाटणीचा एक संवाद दे म्हणाला. मग म्हणाला की ताई, घाबरू नकोस, कर सही.

केली सही. चिठ्ठी वर गेली.

सोमवार, १७ सप्टेंबर

शनिवारी-रविवारी त्याचा फोन लागला नाही. आज सकाळी आईला फोन केला आणि विचारलं, सुतळी कुठे आहे? आई म्हणाली, कसली सुतळी, काय बांधायचंय?

मला वाटलं, चेष्टा. दोघांनी मिळून माझी फजिती करायची ठरवलंय. मी हसले. आई हसली नाही. तिने हळूच विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, आई, माझा भाऊ. ती मग म्हणाली, बाळा, तू एकटीच आहेस मला. तुझ्यानंतर झालंच नाही काही.

फोनमधला फलाटावरचा फोटो काढून पाहिला. मी आहे, आई आहे. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून आम्ही दोघी उभ्या आहोत. अशा का उभ्या राहू आम्ही?

ट्रंक पाहिली. तिला चामडी पट्टा आहे. पट्टा कधी घेतला मला आठवत नाही. पण कॉटखाली दोरी आहे. गाठीसकट आहे. हातात धरून बसले आहे.

मंगळवार, १८ सप्टेंबर

पटकथा परत मागितली. बाई म्हणाल्या, वर गेलेलं खाली येत नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खोटं नाव लावल्याचंही कबूल केलं, म्हटलं, काढून टाका मला, पण ती परत द्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाल्या, नाव कोणाचंही असो, गोष्ट चांगली आहे.

मग मीच वर गेले. बाहेरच्या लोखंडी जिन्याने. वर गच्ची आहे. भर उन्हात पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या दोन चादरी. मजला नाही, खोली नाही, टोपलीच्या दोरीला भोकसुद्धा नाही. सगळी गच्ची पायाखाली घातली, टाकीच्या मागेही पाहिलं. खाली येऊन टोपलीच्या खिडकीत डोकं घातलं. दोरी वर जाते. अंधारात, खूप वर, कोणीतरी पान उलटत होतं.

संध्याकाळी चिठ्ठी: "आता बरं चाललंय. पान ८० पर्यंत वाचून झालं."

आणि मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. लाज वाटते, तरी लिहून ठेवते, कारण खोटं लिहायला मला जमत नाही.

बुधवार, १९ सप्टेंबर

"आई जिवंत राहिल्यामुळे शेवट ढिला पडतो. तिचे प्रसंग गाळून पाहावेत."

सही केली नाही. जाड अक्षरात नामंजूर लिहिलं, वर लिहिलं की भाऊही परत हवा, आणि टोपलीत टाकलं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली आहे. नको मला चित्रपट, नको नाव. माझी माणसं तेवढी द्या.

आईला दिवसातून पाच वेळा फोन केला. ती शिवत होती. मागे यंत्राचा आवाज ऐकू येत होता. मी तिला बोलतच ठेवलं. ती वैतागून म्हणाली, फोन ठेव, एका बाहीत दोन टाके चुकले तुझ्यामुळे.

गुरुवार, २० सप्टेंबर

रजा मागितली, घरी जाते म्हटलं. बाईंनी लगेच दिली. तिकीट काढलं, उद्या सकाळची गाडी. जाऊन आईला धरून बसणार आहे.

काकांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, चेहऱ्यावर काहीच नाही, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हणाले, का रडू येतंय कळत नाही गं. मग टोपलीकडे बघून म्हणाले की मीसुद्धा इथे आल्या आल्या एक पटकथा वर पाठवली होती म्हणे, असं बाई सांगतात. त्यात काय होतं ते त्यांना आठवत नाही.

त्यांच्याकडे वही नव्हती. माझ्याकडे आहे. रोज सकाळी पहिली पानं वाचते, तेव्हा कुठे तो मला आठवतो.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

निघण्याआधी आईला फोन केला. एका माणसाने उचलला. भांड्यांचं दुकान आहे म्हणाला. आठ वर्षं हाच नंबर आहे.

मी तरी गाडीने गेले. गल्ली आहे. डावीकडचं घर आहे, उजवीकडचं आहे. मधे एक मोकळी जागा, कुंपण घातलेली. शेजारीण आली, मला ओळखलं नाही. तिने विचारलं, कोणाला शोधताय?

काय सांगू मी?

रविवार, २३ सप्टेंबर

परतले. जायला दुसरी जागाच नाही.

रविवार असूनही विभाग उघडा होता, आणि मी नामंजूर लिहिलेली चिठ्ठी परत येऊन माझ्या टेबलावर पडली होती. मागच्या बाजूला बारीक छापलेलं मी आधी वाचलंच नव्हतं: नकाराचं कारण न दिल्यास मान्यता समजली जाईल. मी नामंजूर लिहिलं होतं. कारण लिहिलं नव्हतं. कारण काय लिहायचं? आई आहे, हे कारण पुरलं असतं का?

सोमवार, २४ सप्टेंबर

"नायिका आता एकटी. फार छान. शेवटपर्यंत वाचलं."

सात वर्षं हेच दोन शब्द ऐकायचे होते मला. शेवटपर्यंत वाचलं.

बाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. काकाही वाजवत होते. मी हात टेबलाखाली धरून बसले.

मंगळवार, २५ सप्टेंबर

आज दुकानातून दोन साबण, दोन टूथब्रश, चष्म्याला लावायचा बायकांचा एक दोरा घेऊन आले. कोणासाठी ते दारात येईपर्यंत आठवेना.

वही वाचली. आठवलं. आता ही एवढीच जागा उरली आहे दोघांना.

म्हणून डिंक आणला. पहिली दोन पानं, ४ आणि ५ तारखेची, मधोमध एक थेंब. चिकटवली. वही उशीखाली. कोणी हात लावला तर कळेल.

बुधवार, २६ सप्टेंबर

वही उशीखालीच होती. दार आतून बंद.

पानं सुटी आहेत.

गुरुवार, २७ सप्टेंबर

चिठ्ठी टेबलावर नव्हती. वहीतच होती.

"४ व ५ तारखेची पानं चिकटलेली होती. सोडवून वाचली. भाऊ व आई इथेही आहेत. नोंदी लांब. छाटा."

कारण लिहिलं. चार पानं कारण लिहिलं. टोपलीत टाकलं. टोपली हललीच नाही —

शुक्रवार, २८ सप्टेंबर

कॉटखाली काही नाही. तिथे काहीतरी ठेवलं होतं मी. पहिल्या पानावर लिहिलंय, दोरी. गाठीसकट.

पान उघडं असेपर्यंत सगळं दिसतं. त्याचं नाव, फलाट, आईचे डोळे. मिटलं की जातं. म्हणून एका हाताने पहिलं पान धरून दुसऱ्याने हे —

शनिवार, २९

हात दुखतो. पान सोडलं. आता आठवत नाही त्याला काय म्हणायचो. बारीक होता म्हणून — म्हणायचो. दोन बोटांनी टाइप — अंगठा तेलकट —

आई म्हणायची जेवतेस का वेळेवर. हे आहे अजून. हे —

रविवार

वरून पान उलटल्याचा आवाज. इथे. खोलीत.

हे कोणाच्याही हाती लागलं तर — मी वाचा म्हणून कोणाच्या पाया पडले नव्हते कधी, आज पडते — मिटू नका. पहिल्या पानावर परत जा, तिथे तो अजून गाडीबरोबर धावतोय, त्याचं नाव मोठ्याने वाचा, एकदाच, मला ऐकू येईल असं, मी इथे थांबते, त्याचं नाव